मिनी ट्रॅक्टर, बेळगाव सीमाभागातील

मिनी ट्रॅक्टर : घरची थोडी शेती, परडे, बागायत आणि गोठ्याची कामे उरकण्यासाठी घेतला जाणारा, साधारण 15 ते 28 अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर. बोलताना ‘छोटा ट्रॅक्टर’ किंवा नुसते ‘मिनी’ म्हणतात. वजन साडेसहाशे ते नऊशे किलो, रुंदी तीन-साडेतीन फूट. 45-50 अश्वशक्तीचा नेहमीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो आणि बांधावरून वळताना शेजाऱ्याच्या रानात शिरतो. मिनीला तेवढी जागा लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांत वाटण्या होत होत रानाचे तुकडे पडले, बैलजोडी सांभाळणे जड झाले आणि भाड्याचा मोठा ट्रॅक्टर ऐन पेरणीत वेळेवर मिळेना, तेव्हापासून हे यंत्र दारात दिसू लागले.

घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा अश्वशक्ती आणि किंमत विचारतो. खरे तर आधी वाट मोजावी, मग माती पाहावी, मग औजार ठरवावे आणि ट्रॅक्टर सगळ्यांत शेवटी निवडावा. हा क्रम चुकला की चांगले यंत्रही गोठ्यापुढे उभे राहते.

वाट : सीमाभागातल्या जुन्या गावांत घरे भिंतीला भिंत लावून असतात आणि मागच्या परड्यात जायला एखादीच बोळ असते. ट्रॅक्टर त्या बोळातून सहज जातो, अडकतो तो मागचा रोटावेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे औजार. चार फुटी रोटावेटर म्हणजे चार फूट माती फिरवणारा. बाजूची गिअरची पेटी धरली तर तो त्याहून चांगलाच रुंद होतो. म्हणून शोरूममध्ये जाताना टेप न्यावा, औजाराची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी घ्यावी, त्या मापाची काठी तोडून घरी आणावी आणि ती आडवी धरून बोळातून, फाटकातून, पाणंदीतून चालत जावे. काठी जिथे भिंतीला घासते तिथे रोटावेटर घासणारच. शेवटच्या कोपऱ्यावर वळायला जागा आहे का, हेही तेव्हाच कळते.

माती : हा या भागातला खरा निर्णायक मुद्दा आहे, कारण तीस-चाळीस किलोमीटरांत जमीन पार बदलते. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारात काळी जमीन. पावसाळ्यात भात आणि मागून मसूर, वाटाणा अशी कडधान्ये. बेळगावच्या पश्चिमेला तांबड्या मातीत बटाटा आणि रताळी. खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबी-जांबोटीकडे, मुसळधार पाऊस आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे. निपाणी-चिकोडीकडे दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा ऊस आणि माळावरचा तंबाखू.

काळ्या रानात ओल असताना दोनचाकी ओढीचा (फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनची ताकद मिळणारा) हलका ट्रॅक्टर जागच्या जागी चाक फिरवतो. टायरच्या खाचा मातीने भरतात आणि चाक गुळगुळीत होते. अशा जमिनीला चारचाकी ओढ घ्यावी, किंमत थोडी चढली तरी. तांबड्या, निचऱ्याच्या परड्यात 15-18 अश्वशक्तीचा दोनचाकी ओढीचा ट्रॅक्टर पुरतो. महिंद्राचा युवराज 215 आणि स्वराज 717 हे या हलक्या गटातले. महिंद्राचा जिवो 245 आणि कुबोटाचा निओस्टार बी 2441 हे 24 अश्वशक्तीच्या आसपासचे, चारचाकी ओढीचे. 1967 मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या व्हीएसटी कंपनीचे मिनी ट्रॅक्टरही आहेत. भातपट्ट्यातले लोक मात्र या कंपनीला पॉवर टिलरमुळे आधी ओळखतात.

कोणताही ट्रॅक्टर असो, वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, आल्याशिवाय रानात घालू नये. वाफसा पाहायची जुनी रीत आजही चोख आहे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि छातीच्या उंचीवरून सोडायचा. लाडू फुटून भुगा झाला तर औजार घालावे. चपटा होऊन तसाच पडून राहिला तर ट्रॅक्टर घरी ठेवावा. ओल्या काळ्या मातीत रोटावेटर फिरवला की वरची माती भुसभुशीत दिसते, पण खाली पात्यांनी चोपलेला थर बसतो आणि पुढच्या पिकाची मुळे त्याच्यावरच आडवी पसरतात. ट्रॅक्टर घरचा झाला की ‘आहे म्हणून घाला’ अशी सवय लागते. रानाचे सर्वांत जास्त नुकसान या सवयीने होते.

औजारे : मागची तीन टोकांची जोडणी आणि मिनिटाला 540 फेऱ्यांचा पीटीओ (इंजिनची ताकद औजाराला देणारा फिरता दांडा) यांवर सगळे चालते. 15-18 अश्वशक्तीला तीन फुटी रोटावेटर आणि 24 च्या पुढे चार फुटी, एवढे धरून चालावे. विक्रेता मोठे औजार सुचवतो. ते ओढताना इंजिन धापा टाकते, डिझेल जळते आणि काम सावकाश होते. रोटावेटर चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर चाकाचा माग तसाच दबलेला राहतो. 24 अश्वशक्तीच्या गटात हायड्रॉलिक साधारण 750 किलो उचलते. तरी जड औजार उचलल्यावर पुढची चाके हलकी होतात. त्यासाठी पुढे लोखंडी वजने लावावीत.

रोटावेटरनंतर कुळव आणि सरी पाडायचा रिजर घ्यावा. घरच्या रानासाठी एवढ्यावर पहिले वर्ष निघते. पलटी नांगर मिनीला मिळतो, पण खोल नांगरटीसाठी वर्षातून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणणे अधिक शहाणपणाचे. कर्नाटकात कृषी यंत्रधारे केंद्रांवर औजारे भाड्याने मिळतात. ज्याचे रान एक-दीड एकरच आहे आणि जो दुसऱ्याच्या रानात भाड्याने काम करणार नाही, त्याने ट्रॅक्टर घेण्याआधी तिथला तासाचा दर आणि बँकेचा हप्ता शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

उसात मिनी चालवायचा असेल तर लावणीच्या वेळीच ठरवावे लागते. तीन फुटी सरीत तो बसत नाही. साडेचार-पाच फुटी सरी असेल तर बाळबांधणी (ऊस लहान असताना मुळांशी थोडी माती लावणे) आणि पुढे मोठी भर लावणे दोन्ही त्याच्याकडून होते. भातासाठी चिखलणीला लोखंडी केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी चाके, लागतात. ती लावून डांबरी रस्त्यावरून जाऊ नये. रस्ता खराब होतो आणि दंडही बसू शकतो. चिखलणी झाली की पुढच्या आसाची सीले धुऊन पाहावीत आणि तेलाची पट्टी काढावी. पट्टीवरचे तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. त्याच दिवशी तेल बदलले तर खर्च थोडक्यात आटोपतो. पुढच्या आठवड्यावर ढकलले तर बेअरिंगे बदलावी लागतात.

परड्यातल्या कामांना टन-दीड टनाची हलकी ट्रॉली सर्वांत उपयोगी पडते: उकिरड्यावरचे शेणखत, वैरण, जळण, घर बांधताना वाळू. दुभती जनावरे असतील तर पीटीओवर चालणारी कडबाकुट्टी घ्यावी. वीज गेली तरी वैरण कापून होते. मागे लावायचा सपाटीकरणाचा फाळ अंगण आणि खळे नीट करायला बरा. पुढे लावायचा लोडर इतक्या हलक्या ट्रॅक्टरला जपूनच लावावा. मागे वजन नसेल तर तो पुढे झुकतो.

धोके : पीटीओच्या फिरत्या दांड्यावरचे प्लास्टिकचे आवरण पहिल्या वर्षातच फुटते आणि बहुतेकजण ते परत बसवत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल किंवा साडीचा पदर त्या दांड्याने एका क्षणात गुंडाळला जातो. आवरण फुटले की दांडा वापरायचा नाही, हा घरातला नियमच करावा. खानापूरच्या पायऱ्यांच्या खाचरांत बांध तिरका ओलांडू नये. सरळ ओलांडावा, औजार खाली ठेवून, आणि चढ फार असेल तर उलट्या गिअरने चढावे. चालकामागची संरक्षक कमान असलेलाच ट्रॅक्टर घ्यावा आणि कमान असेल तर पट्टा बांधावा. मडगार्डवर पोराला बसवून परड्यात फेरी मारणे सगळ्या गावांत चालते. ते बंद व्हायलाच हवे.

कागदपत्रे व पैसा : नव्या मिनी ट्रॅक्टरची किंमत साधारण 3 ते 7 लाखांच्या दरम्यान पडते, औजारे वेगळी. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. अनुदानासाठी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात अर्ज करावा लागतो आणि शेतकऱ्याची फ्रूट्स (कर्नाटक सरकारची शेतकऱ्यांची ऑनलाइन यादी) नोंदणी असावी लागते. अनुदान मंजूर होण्याआधी पूर्ण पैसे भरून ट्रॅक्टर दारात आणू नये. जमिनीचा उतारा भावांच्या सामाईक नावावर असेल तर कर्ज आणि अनुदान दोन्हीकडे संमतीपत्रे मागतात. ती आधीच गोळा करावीत. कर्जाचा बोजा उताऱ्याच्या अकराव्या रकान्यात चढतो. हप्ते फिटल्यावर तो उतरवून घेणे आपले काम आहे, ते आपोआप होईल असे धरू नये.

यांतले बरेच कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर ज्याला येते अशा माणसाकडून ओळीओळीने वाचून घ्यावे आणि मगच सही करावी. मराठी माणसाने इथे संकोच करण्याचे काहीच कारण नाही. व्याज कसे आकारले आहे आणि विमा कुणाच्या नावावर आहे, या दोन ओळी तरी समजल्याच पाहिजेत.

नोंदणी बेळगावला केए 22, चिकोडीला केए 23 या क्रमांकांनी होते. कोल्हापूरच्या बाजूचा, एमएच 09 क्रमांकाचा जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो म्हणून इकडे आणणारे पुष्कळ आहेत. अशा वेळी तिकडच्या कार्यालयाचे ना हरकत पत्र आणि बँकेचे कर्ज फिटल्याचा दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत; दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त वाहन ठेवायचे तर तिथली नवी नोंदणी कायद्यानेच लागते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरवरून भाड्याने विटा-माती वाहिली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

जुना ट्रॅक्टर पाहताना रोटावेटर उचलून ट्रॅक्टर बंद करावा आणि शांतपणे चहा घ्यावा. चहा संपेपर्यंत औजार जमिनीला टेकले तर हायड्रॉलिक गळते आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून धूर पाहावा, निळा धूर राहिला तर इंजिन तेल खाते. औजारे एकाच ठिकाणी शेजारी शेजारी पाहायची असतील तर धारवाड कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा सोयीचा पडतो. मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांतही सल्ला मिळतो. सुटे भाग कुठे मिळतात आणि मिस्त्री किती किलोमीटरांवर आहे, हे मात्र गावातल्याच दोन मिनीवाल्यांना विचारावे, आणि तेही चिखलणीच्या दिवसांत, ट्रॅक्टर कामात असताना.