एक जूनवाल्यांची रास

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरत आलं. बारा राशी आणि प्रत्येकीला शोभेल असं पुस्तक. वृषभवाल्यांना जाड पुठ्ठ्याचं, नव्या कागदाचा वास येणारं. कन्यावाल्यांना कव्हर घातलेलं, एकही पान न दुमडलेलं. मिथुनवाले म्हणे एका वेळी चार पुस्तकं वाचतात, तेव्हा त्यांना मोबाईल. मीनवाल्यांनी डोळे मिटून कानात ऐकायचं. भाचरांनी पटापट आपापल्या राशी टाकल्या, 'अगदी बरोबर' म्हणून अंगठे उठले. मग कोणीतरी विचारलं, अप्पांची रास कोणती?

अप्पा म्हणजे माझे मोठे काका, राहणार पारोळा तालुका. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९४८, म्हणजे चित्राच्या हिशेबाने मिथुन. अप्पांनी फोन घेतला, हात लांब करून वाचला आणि म्हणाले, "मना जलम काय एक जूनना शे का? ती तारीख मास्तरनी लिखी दिधी."

खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायची. आईला तारीख ठाऊक नसे, 'कानबाईचे रोट झाले आणि हा झाला' (रोट म्हणजे खानदेशातला श्रावणातला सण) एवढं पक्कं आठवे. गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज करत आणि दिवस सरसकट १ जून टाकत. म्हणून तर आजही ३१ मेला सरकारी कार्यालयांत निरोप समारंभांची रांग लागते. राशीवर स्वभाव ठरत असेल, तर ही सगळी पिढी बडबडी आणि चंचल निघायला हवी होती. अप्पांचा खरा जन्म श्रावणातला. सिंह की कन्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तारीख खरी असती तरी गुंता सुटला नसता. १ जूनला पाश्चात्त्य पद्धतीत सूर्य मिथुनेत असतो, आपल्या पंचांगात मात्र तो वृषभेत, आणि मिथुनेत जातो साधारण १५ जूनला. त्यात आपल्याकडे 'माझी रास' म्हणतात ती सूर्याची नसतेच, चंद्राची असते. चंद्र सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो, त्यामुळे एकाच महिन्यात जन्मलेल्यांच्या राशी बाराही असू शकतात. म्हणजे एकाच माणसाला दोन सूर्यराशी आणि वर एक चंद्ररास. यातली पुस्तक निवडणारी कोणती?

दोन सूर्यराशींमधला फरक पृथ्वीच्या डुलण्यामुळे पडतो. फिरत्या भोवऱ्याचा दांडा जसा सावकाश गोल घिरटी घेतो, तसा पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक घिरटी पुरी करतो. त्यामुळे वसंत संपात, म्हणजे पाश्चात्त्य राशीचक्राचा आरंभबिंदू, ताऱ्यांच्या तुलनेत दर वर्षी सुमारे ५० विकला (एक अंश म्हणजे ३,६०० विकला) मागे सरकतो. साचत साचत हा फरक आज २४ अंशांच्या आसपास आला आहे. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला होता, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तसा शिलालेखच तिथे आहे. या भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त आधीच्या काळातल्या मुंजाल या ज्योतिर्विदाचा दाखला देऊन या सरकण्याची गती दिली आहे. ती वर्षाला जवळजवळ एक कला, म्हणजे ६० विकला भरते. दुर्बीण नसतानाचा आकडा आहे हा! आणि आकाशात खरोखर पाहिलं तर सूर्य वृश्चिक तारकासमूहात जेमतेम आठवडाभर असतो, नंतर अठराएक दिवस भुजंगधारी या बारा राशींत नसलेल्या तारकासमूहात. त्या बिचाऱ्या भुजंगधारीला कोणी पुस्तक दिलेलं नाही.

मग 'अगदी बरोबर' का वाटतं? १९४८ साली, म्हणजे अप्पांच्या कागदोपत्री जन्माच्याच वर्षी, अमेरिकेत बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याचं 'खास' वर्णन ठेवलं. पाचपैकी गुण द्यायला सांगितल्यावर सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली बरीच वाक्यं त्याने स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. 'तुम्ही बाहेरून शिस्तीचे दिसता, पण आतून कधीकधी धास्तावता' अशा धाटणीचं बोलणं कोणाला लागू पडत नाही? अप्पा रोज पेपरातलं मिथुनेचं भविष्य वाचतात, सिंहेचंही वाचतात, आणि जे चांगलं असेल ते आपलं म्हणतात. फोररला ते आवडले असते.

आपल्याकडे पुण्यात जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांबरोबर याहून सरळ परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेली शंभर मुलं, अशा दोनशेंच्या कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाने त्यांतल्या चाळीस पाहून कोणती कुठल्या गटातली एवढंच सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवून ५० मिळाले असते.

माझी एक भाची हटून बसली, "मामा, पण मी खरंच पुस्तकांना कव्हर घालते!" घालते ना. मात्र ती कन्या आहे हे तिला पाचवीपासून ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक आणि सहकाऱ्यांना १९७८ साली राशी आणि बहिर्मुखता यांचा किंचित संबंध दिसला होता. पुढे लक्षात आलं, ज्यांना आपल्या राशीबद्दल काही माहिती नव्हती त्यांच्यात तो दिसेना. माणूस ऐकलेल्या वर्णनाच्या मापाने स्वतःला पाहतो, आणि प्रश्नावलीतही तसंच उत्तर देतो.

कागद, पडदा की आवाज, ही आवड तरीही खरी असते. तिची कारणं जवळचीच आहेत. अप्पांचा लांब धरलेला हात हे पहिलं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसत नाही. मोबाईलवर अक्षर दोन बोटांनी मोठं होतं, कागदावर नाही. दुसरं कारण, वाचायचं काय? २००० ते २०१७ मधल्या ५४ अभ्यासांचा, १,७०,००० हून अधिक वाचकांचा एकत्रित हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो, घाई असेल तर फरक आणखी वाढतो, असं त्यात निघालं. गोष्टीच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. नॉर्वेतल्या संशोधक आने मांगेन यांनी मात्र ५० जणांना २८ पानांची रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. कथा दोघांनाही सारखीच कळली, पण कोणती घटना आधी, कोणती नंतर, हे छापीलवाल्यांनी जास्त बरोबर सांगितलं. डाव्या हातातली पानं जाड होत जातात आणि उजव्या हातातली पातळ, हे बोटांना कळत असतं, असा त्याचा एक अर्थ लावतात. कागदाच्या वासाचं म्हणाल, तर जुन्या पानातला गोडसर वास कागदातलं लिग्निन हे लाकडाचं द्रव्य विघटित होताना सुटणाऱ्या व्हॅनिलासारख्या वायूंचा असतो. तो सगळ्याच राशींना येतो.

ऐकण्याला कमी लेखू नये. २०१९ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी तीच गोष्ट लोकांना ऐकवली, वाचायलाही दिली आणि मेंदूचे नकाशे काढले. अर्थ लावणाऱ्या भागांचे दोन्ही नकाशे जवळजवळ सारखे आले. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात जन्मल्या, घरच्यांनी ऐकून उतरवून घेतल्या, आणि छापील पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. (दारी आलेल्या ज्योतिषालाही त्यांनी ओवीतूनच परत पाठवलं होतं.) ऐकण्यात अडचण वेगळी आहे. वाचताना डोळा नकळत दोन ओळी मागे जाऊन येतो, कानाला ती सोय नाही.

अप्पा आता ऐकतात. रात्रीची लाईट असली की खिशात फोन, कानात गोष्ट आणि कापसाला पाणी. मोटर बंद पडली की ते विहिरीकडे धावतात, गोष्ट मात्र कानात पुढे चालू राहते. परत येईपर्यंत कोणीतरी मेलेलं असतं, आणि ते कसं मेलं हे विचारायला मला रात्री साडेअकराला फोन येतो, "भाऊ, ते मांगे कसं न्याव्हाचं?"