टीसी आणि टीसी-डब्ल्यू३ : फवारणी पंपाचं ऑइल नावेच्या इंजिनात घालू नका

माझ्या दुकानात पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप, गवत कापायची मशीन आणि नावेचं आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, एकाच बाकावर उघडली जातात. तिन्ही टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारी. पवनीपासून खाली वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणापर्यंतचे लोक येतात आणि दर हंगामात तोच प्रश्न घेऊन येतात : "कायले वेगळं ऑइल लागते जी? पंपाचं हाये न घरी."

लागतं. का लागतं ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो, कारण त्याच कारणानं खराब झालेली इंजिनं उघडून उघडून आता जीव कळवळतो.

पेट्रोलात ऑइल का मिसळायचं हे सांगत बसत नाही. ज्यानं लूना चालवली आहे किंवा धानावर तुडतुडे आल्यावर पाठीवर पंप घेतला आहे, त्याला ते ठाऊक आहे. घोळ होतो तो बाटलीवरच्या अक्षरांत. पंपाच्या ऑइलच्या पाउचवर बहुतेक वेळा 'एपीआय टीसी' हा अमेरिकी दर्जा आणि सोबत 'जासो एफबी', 'एफसी' किंवा 'एफडी' हा जपानी दर्जा लिहिलेला असतो. नावेच्या ऑइलवर 'टीसी-डब्ल्यू३' असतं आणि त्यासोबत 'एनएमएमए' ही अमेरिकी नौका उत्पादकांच्या संघटनेची खूण. माणूस दोन्हीकडे 'टीसी' वाचतो आणि एकच समजतो. दुकानदारही तेच सांगतो. पण सगळा फरक त्या 'डब्ल्यू' मध्ये आहे. डब्ल्यू म्हणजे वॉटर, पाण्यानं थंड होणारं इंजिन.

आता हे 'थंड' किती थंड ते बघा. पंप दहा मिनिटं चालवून बंद करा आणि सिलिंडरवरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांना (फिन्सना) बोट लावा, चटका बसून बोट मागे येईल. हवेवर थंड होणारा तो धातू दीडशे अंशांच्या वर सहज जातो. आउटबोर्डच्या सिलिंडरभोवती नदीचं पाणी सतत फिरत असतं. नाव तासभर चालवून आणली तरी हेडवर हात क्षणभर ठेवता येतो. आतला स्फोट दोन्हीकडे सारखाच, पण भिंतीचं तापमान अगदी वेगळं.

हवेवरच्या इंजिनाच्या ऑइलमध्ये रिंगच्या खाचा साफ राहाव्यात म्हणून कॅल्शियमसारख्या धातूचं डिटर्जंट घालतात. ते भरपूर उष्णता सोसतं आणि गरम इंजिनात आपलं काम चोख करतं. पण जळल्यावर त्याची राख होते. गरम इंजिनात ती राख बऱ्यापैकी धुरासोबत निघून जाते. थंड भिंतीच्या इंजिनात ती साचते : प्लगवर, पिस्टनच्या माथ्यावर, धूर बाहेर जायच्या खिडकीत. म्हणून टीसी-डब्ल्यू३ मध्ये धातूचं डिटर्जंट नसतं, राख न करणारं वेगळं रसायन असतं. कमी तापमानात ते उत्तम साफसफाई करतं, पण पंपाची उष्णता त्याला झेपत नाही. शिवाय नावेच्या इंजिनात ओल शिरतेच, म्हणून या ऑइलची गंज रोखण्याचीही चाचणी होते.

मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका ढिवर भावानं १५ एचपीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणलं. "सुरू होते अन् मधातच बंद पडते," एवढीच तक्रार. वरचा प्लग काढला तर त्याच्या दोन टोकांमध्ये केसाएवढा बारीक, करडा-पांढरा पूल तयार झालेला. ठिणगी उडणार कुठून? सुईनं टोकरलं तर ते रेतीसारखं करकरलं. काजळी अशी नसते. ती मऊ, तेलकट असते, बोटाला काळी लागते. ही राख होती. खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर खालच्या सिलिंडरची वरची रिंग खाचेत गच्च बसलेली, काडीनं दाबली तरी हलेना. चार महिने पंपाचं ऑइल घातलं होतं. तालुक्याच्या एका दुकानात "हेच चालते" म्हणून दिलं होतं त्याला. वाचवलेले पैसे दोन पिस्टनच्या रिंगा आणि गॅस्केट संचात कैक पटीनं गेले, वर ऐन मासेमारीत पंधरा दिवस नाव काठावर. तरी त्याचं नशीब. राखेचा कण लाल तापून राहिला तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि भरवेगात पिस्टनला भोक पडतं. तशीही इंजिनं मी उघडली आहेत.

उलटी चूकही तेवढीच वाईट. नावेचं ऑइल महाग, म्हणजे चांगलं, म्हणून ते पंपात घालणारे आहेत. भर उन्हात, पूर्ण थ्रॉटलवर दोन तास फवारणी करताना त्या उष्णतेत हे ऑइल तग धरत नाही. रिंगा चिकटतात आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. महागडं आहे म्हणून ते वरच्या दर्जाचं होत नाही. प्रत्येक ऑइल आपापल्या इंजिनासाठी आहे.

रंगावरून ओळखू नका. लाल, निळा, हिरवा हा नुसता रंग, कंपनी कोणताही घालते.

प्रमाणाचा गोंधळ सोपा आहे. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. इंजिनाच्या पुस्तकात जे असेल तेच घ्या. नवीन किंवा रिंगा बदललेल्या इंजिनाला सुरुवातीचे तास साधारण दुप्पट ऑइल सांगितलेलं असतं. पण "जास्त ऑइल म्हणजे इंजिनाचं भलं" हे मला अजिबात पटत नाही. ऑइल वाढलं की त्याच थेंबात पेट्रोल कमी जातं, मिश्रण विरळ होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येतं आणि ते ओल शोषतं. नाव रोज निघत नसेल तर टाकीत महिनाभराचं मिश्रण करून ठेवू नका. पाणी तळाला उतरतं आणि तेच आधी कार्बोरेटरमध्ये येतं.

डब्ल्यू म्हणजे पाणी, हे एकदा डोक्यात बसलं की सुट्या भागांत आधी काय घ्यायचं तेही कळतं : इंपेलर. इंजिनाच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात बसलेला, पाणी वर ढकलणारा रबरी पंखा. पाणी थांबलं तर जगातलं कुठलंही टीसी-डब्ल्यू३ इंजिन वाचवू शकत नाही. वैनगंगेचं पावसाळी पाणी रेती घेऊन येतं आणि रेती रबर खाते. त्यात इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, पाणी ओढायच्या जाळीवर चिकटते. इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची धार येते, ती पहिल्याच मिनिटात बघायची. धार बारीक झाली तर आधी जाळी साफ करा, तरी वाढली नाही तर इंपेलर बदला. आमच्याकडे मी तो दर वर्षी बदलायलाच सांगतो. आणि पाण्याबाहेर 'जरा चालवून बघू' म्हणून इंजिन कधीच मारू नका. कोरड्यात रबर मिनिटभरातच जातं. दुरुस्तीनंतर पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये पाय बुडवूनच चालवा.

इंपेलर मागवताना "यामाहा १५ चा द्या" एवढं सांगून भागत नाही. यामाहाच्या पार्टचा नंबर तुकड्यातुकड्यांत असतो. दुसरा तुकडा ४४३५२ म्हणजे इंपेलर, पण तो सगळ्याच इंजिनांच्या इंपेलरला आहे. पहिला तुकडा इंजिनाची जात सांगतो. ६३व्ही-४४३५२ वेगळा आणि ६एच४-४४३५२ वेगळा. ६एच४ चा मोठ्या इंजिनांचा आहे, पंधराच्या पायात तो बसतच नाही. हे भाग बहुधा किनारपट्टीवरच्या दुकानांतून कुरिअरनं येतात, म्हणून नावेला इंजिन अडकवायच्या ब्रॅकेटजवळच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर मोबाइलवर फोटो काढून पाठवा. जुना इंपेलर फेकू नका, नवा आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाती मोजा.

खालच्या गिअरमध्ये यातलं कुठलंच ऑइल घालायचं नाही, तिथे गिअर ऑइल. ते दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलं आहे.

एक प्रसंग असा की सवलत द्यावीच लागते. नाव पाण्यावर आहे, टाकीतलं मिश्रण संपत आलं, जवळ सुटं पेट्रोल आहे पण ऑइल फक्त पंपाचं आहे. तर तेच मिसळा आणि काठावर या. एका टाकीनं इंजिन मरत नाही, पण ऑइलशिवाय चालवलेलं इंजिन नक्की मरतं. घरी आल्यावर टाकीत उरलेलं मिश्रण वेगळ्या डब्यात काढा, प्लग पुसून तपासा आणि ते मिश्रण फवारणी पंपात वापरून टाका. तुमच्या पंपाला लिटरला ४० मिली लागत असतील आणि नावेसाठी २० नं मिसळलं असेल, तर पंपात भरण्याआधी प्रत्येक लिटरमागे आणखी २० मिली पंपाचं ऑइल घाला.