फाइलींचा मालक चुकून बदलला तर

लिनक्स सर्व्हरवर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून काम करताना फाइलींचा मालक बदलणाऱ्या 'चोन' (chown) कमांडच्या पाथमध्ये, म्हणजे फाइलीच्या पत्त्यात, एक स्पेस जादा पडते आणि काही सेकंदांत अख्ख्या सिस्टिमच्या फाइली एकाच युजरच्या नावावर होतात. अशा वेळी रूटची उघडी विंडो अजिबात बंद करू नका आणि मशीन रीस्टार्टही करू नका. पुन्हा आत शिरायला दार मिळेलच, याची खात्री नसते.

फाइलचा मालक म्हणजे तिच्या आयनोडमध्ये (डिस्कवरच्या माहितीच्या नोंदीत) लिहिलेला एक आकडा. रूटचा 0, उबुंटू लिनक्सवर पहिल्या युजरचा सहसा 1000. नवा आकडा जुन्याच्याच जागी बसतो, जुना कुठेही उरत नाही. म्हणून ही कमांड उलटी फिरवता येत नाही.

खरं मोठं नुकसान वेगळंच असतं. कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमवर सेटयूआयडी नावाचा बिट, म्हणजे परवानग्यांमधली एक खूण, असतो. कल्पना युनिक्सच्या जनकांपैकी एक, डेनिस रिची यांची. तिचं पेटंट 1979 मध्ये मिळालं. मालक बदलला की लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल हा बिट काढून टाकतो. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण त्यामुळे साध्या युजरला रूटचे अधिकार वापरू देणारा 'सूडो' बंद पडतो. त्याची मालकी रूटला परत दिली तरी तो चालत नाही, कारण बिट आपोआप परत येत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी मालकी, मग परवानग्या. उलट केलंत तर नुकताच लावलेला बिट पुन्हा उडेल.

मूळ मालक कोण, हे कुणाला विचारायचं? फेडोरा किंवा रेड हॅट लिनक्सवर आरपीएमच्या, म्हणजे पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसला. प्रत्येक पॅकेजमधल्या फाइलीचा मालक, ग्रुप आणि परवानग्या त्यात असतात आणि त्या परत लावायची सोयही आरपीएममध्येच आहे. डेबियन-उबुंटूवर इतकं सोपं नाही. तिथे पॅकेजेस पुन्हा इन्स्टॉल करावी लागतात किंवा त्याच आवृत्तीच्या धडधाकट मशीनवरून यादी काढावी लागते. यादी नावांची घ्या, आकड्यांची नको. सर्व्हिसेससाठी बनवलेल्या युजरांचे आकडे मशीनगणिक वेगळे असू शकतात.

नेमक्या कोणत्या फाइली बिघडल्या, हे सीटाइम, म्हणजे फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ, सांगतो. मालकी बदलली की ही वेळ बदलते, मजकुराची वेळ तशीच राहते. फाइली शोधणाऱ्या 'फाइंड' कमांडला गेल्या अर्ध्या तासातले सीटाइम विचारले की बरंचसं चित्र स्पष्ट होतं.

डेटाबेसचा डेटा, वेबसाइटच्या फाइली, युजरांची होम फोल्डरं मात्र कोणत्याही पॅकेजला ठाऊक नसतात. तिथे बॅकअपच लागतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर डेटा फोल्डरचा मालक चुकीचा दिसला की सुरूच होत नाही. 'गेटएफएसीएल' कमांडने फोल्डरांच्या सगळ्या झाडाची मालकी नि परवानग्या एका टेक्स्ट फाइलीत उतरवता येतात आणि 'सेटएफएसीएल' त्या परत लावतो. ही फाइल रोज रात्री दुसऱ्या मशीनवर पाठवत जा.