कोच नेमला की धंदा दुप्पट होतो का?
‘बिझनेस कोच नेमला की वर्षभरात धंदा दुप्पट होतो’ असा संदेश पुण्यातील उद्योजकांच्या गटांत अनेक वर्षे फिरतो आहे. त्यातली उदाहरणे खरी असू शकतात. पण ती यशस्वी झालेल्यांतूनच निवडलेली असतात, आणि दुप्पट झालेली असते ती बहुधा उलाढाल, नफा नव्हे. भोसरीतील एखाद्या वर्कशॉपने दर पाडून २० लाखांची कामे ४० लाखांवर नेली, पण नफा १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, तर हाती २ लाखांऐवजी १ लाख ६० हजारच उरतात, आणि कोचची फी त्यातूनच द्यायची असते. सनदी लेखापालाला कायद्याने नोंदणी लागते, तशी कोचला लागत नाही. म्हणून कोच नेमण्याआधी त्याला मध्येच सोडून गेलेल्या ग्राहकांशीही आवर्जून बोलावे आणि शक्य तिथे त्याच्या ग्राहकांचे आधीच्या व नंतरच्या वर्षाचे नफा-तोटा पत्रक पाहावे.