जुन्या जिप्सी-जीपचं इंजिन बदलायचंय? आधी आरटीओचे कागद बघा

तेराशे सीसीच्या मारुती जिप्सीत मारुतीच्याच जुन्या बलेनो मोटारीचं सोळाशेचं इंजिन बसतं का? बसतं, आणि पुण्यात ते बसवून देणारे मेस्त्रीही आहेत. कायद्यात बसतं का? नाही. या दोन उत्तरांमध्ये लोकांचे लाखभर रुपये अडकतात, म्हणून इंजिन उतरवायच्या आधी हे वाचा.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-ए आलं. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘मोठं इंजिन टाकलंय, आता आरसीवर चढवून द्या’ असा अर्ज त्यामुळे आरटीओत चालत नाही. चालवून देतो म्हणणारा एजंट भेटला, तर त्याच्याकडून आगाऊ पैशांची पावती मागून बघा, बोलणं तिथेच संपेल.

मंजूर काय होतं? एक म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन. जुना ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) फुटला, तडकला, बोअरिंगला (झिजलेला सिलिंडर कापून रुंद करायला) जागा उरली नाही, तर तसंच दुसरं इंजिन पूर्वपरवानगीने टाकता येतं. दुसरं म्हणजे मान्यताप्राप्त किट लावून इंधन बदलणं: सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी. किटला मान्यता चाचणी संस्थांकडून मिळते. त्यातल्या दोन आपल्याच गावात आहेत, कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. पण ही मान्यता किट बनवणारा घेतो. एकट्या मालकाने आपली जीप घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही.

तुमचं काम कुठे मोडतं हे ओळखायला आरसी समोर ठेवा. इंजिन बदलल्यावर फक्त इंजिन नंबर बदलणार असेल, तर अर्ज करण्यासारखा आहे. सीसी किंवा इंधनाचा रकानाही बदलत असेल, तर (मान्य किट सोडून) विषय संपला. १९८५ ची ९७० सीसीची जिप्सी आणि १९९६ नंतरची १२९८ सीसीची जिप्सी किंग बाहेरून बहिणी वाटतात, पण एकीचं इंजिन दुसरीत टाकणं हाही सीसीचाच बदल. महिंद्राच्या प्यूजो इंजिनवाल्या जीपमध्ये महिंद्राचंच डीआय हे दुसरं डिझेल इंजिन टाकण्याची हौसही त्यातच आली.

बोअरिंगला मात्र घाबरू नका. जिप्सी किंगचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५. अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन टाकले तर हिशेबाने १२९८ चे साधारण १३१६ सीसी होतात. ही दुरुस्ती झाली, पिस्टनही कंपनीच्याच ओव्हरसाइझ मापाचे असतात. ब्लॉक तोच, नंबर तोच. बिल मात्र जपून ठेवा.

आता प्रक्रिया. गाडी ज्या कार्यालयाची, अर्ज तिथेच: एमएच-१२ ला संगम पुलाजवळचं पुणे आरटीओ, एमएच-१४ ला पिंपरी-चिंचवड. गाडी दिल्लीहून किंवा बाहेरच्या राज्यातून आणलेली असेल, तर आधी फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला नवा नंबर, मालक बदलला असेल तर फॉर्म २९ आणि ३०. हे सगळं पुरं होईपर्यंत इंजिनाचं नावही काढू नका. परिवहन पोर्टलवर वाहनातल्या बदलाच्या सेवेत गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून अर्ज होतो. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. जुन्या गाड्यांना बहुतेकदा आधीच्या मालकाचाच नंबर असतो, तो आधी बदलून घ्या.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती. या सगळ्यापेक्षा जड कागद म्हणजे इंजिन कुठून आलं याचा. नवं असेल तर इंजिन नंबर लिहिलेलं डीलरचं बिल पुरतं. भंगारातून घेतलेलं असेल तर ते कोणत्या गाडीचं, तिची नोंदणी रद्द झाली का, विकणारा कोण, हे कागदावर दिसलं पाहिजे. नुसत्या ‘एक इंजिन, रोख’ अशा चिठोऱ्यावर अर्ज अडतो, आणि इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिस तुमच्याच दारात येतात.

विकत घेण्याआधी ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचा. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन जा, वर्षानुवर्षांच्या ग्रीसखाली तो लपलेला असतो. वर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, ठसा उमटतो. आकडे वेडेवाकडे किंवा जागा घासलेली दिसली तर सौदा सोडा. निरीक्षक तपासणीला हेच बघतो. बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्या, मग नवा इंजिन नंबर विमा कंपनीलाही लेखी कळवा.

विम्याची गोष्ट गुपचूप मोठं इंजिन टाकणारे विसरतात. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, १५०० च्या वर ७,८९७. आरसीवर १२९८ आणि बॉनेटखाली १५९० निघालं, तर अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला क्लेम नाकारायला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

वीस वर्षांपुढच्या गाडीला आणखी एक हिशेब आहे. पंधरा वर्षांनंतर फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. तेव्हाही गाडीची तपासणी होते, म्हणून मुदत जवळ आली असेल तर इंजिनाची नोंद आधी उरकून घ्या.

राहिले ते फक्त ऑफ-रोडसाठी गाडी बांधणारे. कायद्याच्या कलम ३९ मधली नोंदणीची अट सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणत्याही जागी’ चालवण्यालाही आहे, म्हणून खाजगी जागा ही पळवाट धरू नका. स्पर्धेच्या गाड्या ट्रकवर चढवून नेतात. सोळाशेचं इंजिन हवंच असेल तर ती गाडी रस्त्यावर आणू नका, आणि ट्रकचं भाडं आधीच बजेटमध्ये धरा.