काळा दिवस (न्यू इंग्लंड, १७८०)

१९ मे १७८०, शुक्रवार. अमेरिकेच्या ईशान्य भागात म्हणजे न्यू इंग्लंडमध्ये भर दिवसा इतका काळोख झाला की लोकांनी दुपारचं जेवण मेणबत्त्या लावून केलं, कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या आणि बेडूक ओरडायला लागले. तेव्हा तिथे स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. दिवसा अंधार पडल्याच्या गोष्टी जगभर सापडतात, आपल्याकडे तर 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' पोरासोरांनाही माहीत असतं, पण तारीख, वेळ, गावं आणि साक्षीदार सगळं कागदावर मिळतं अशा घटना मोजक्याच, आणि त्यात हिचा नंबर बराच वर लागतो.

अंधार उत्तरेला मेनमधल्या पोर्टलंडपासून दक्षिणेला न्यू जर्सीपर्यंत होता, पेनसिल्व्हेनियात मात्र पोचला नाही. सगळीकडे तो एकाच वेळी पडला नाही हे महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. न्यूयॉर्क-व्हरमाँटच्या बाजूला सूर्य उगवला तोच झाकलेला, हार्वर्डजवळ केंब्रिजला साधारण साडेदहाला सुरुवात होऊन पाऊणच्या सुमाराला सगळ्यात गडद, आणि समुद्राकडे बार्नस्टेबलला दुपारी दोनच्या सुमाराला सुरू होऊन संध्याकाळी साडेपाचला गडद. म्हणजे काहीतरी पश्चिमेकडून पूर्वेकडे तासन्‌तास सरकत होतं.

ग्रहण असेल असं अजूनही कोणीतरी म्हणतंच, पण ते टिकत नाही. सूर्यग्रहणाला अमावास्या लागते आणि इथे पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, चंद्र दिवसभर सूर्यापासून दीडशे अंशांपेक्षा लांब होता, हे खगोलाचे अभ्यासक डॉक्टर सॅम्युअल स्टर्न्स यांनी त्याच काळात दाखवून दिलं होतं. शिवाय खग्रास स्थिती एका जागी फार तर साडेसात मिनिटं टिकते, तासन्‌तास नाही.

मग काय होतं? इथे अभ्यासकांचे तट पडतात, पण सध्या पारडं जंगलातल्या वणव्याच्या धुराकडे झुकलेलं आहे आणि ते बरोबर वाटतं. हार्वर्डचे प्राध्यापक सॅम्युअल विल्यम्स यांनी ठिकठिकाणची निरीक्षणं गोळा केली, ती अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेच्या शोधनिबंधांच्या पहिल्या खंडात १७८५ मध्ये छापून आली. आधीचे काही दिवस सूर्य तांबडा आणि आभाळ पिवळट दिसत होतं, त्या दिवशी पावसाचं पाणी साठवलेल्या टबांवर काजळीची साय धरली होती, जळक्या पानांसारखा वास येत होता. इतकं सगळं हातात असूनही घटना पुढे कित्येक वर्षं 'गूढ' म्हणूनच चालली. याचं एक कारण सरळ आहे, आग खूप लांब लागलेली, वाफा, ढग, धुकं अशी उत्तरं जवळची होती, आणि खाली जमिनीवर डोळे चुरचुरतील असा धूर सगळीकडे नव्हता. धुराचा थर उंचावर असला आणि त्याखाली दाट ढग आणि धुकं असलं की प्रकाश दोनदा अडतो, हा खुलासा त्यामानाने नंतरचा.

पक्का धागा मिळाला तो झाडांमधून. वणवा लागला की झाडाच्या सालीखालचा जिवंत थर एका बाजूने भाजतो, पण झाड वाचलं तर पुढची वर्षं त्या जखमेभोवती वाढत राहतं, त्यामुळे वाढीच्या वलयांत जखम कोणत्या वर्षाची ते मोजता येतं आणि बऱ्याचदा ऋतूचाही अंदाज लागतो. मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दक्षिण ओंटारिओतल्या अल्गॉनक्विन भागातल्या झाडांवरच्या १७८० च्या जखमा आणि तेव्हाच्या दुष्काळाच्या खुणा पुढे आणल्या. अर्थात जखम वर्ष सांगते, तारीख नाही, म्हणून 'बहुधा' हा शब्द इथे ठेवावाच लागतो.

त्या रात्रीचंही वर्णन आहे. चंद्र जवळजवळ पूर्ण असूनही मध्यरात्रीपर्यंत काही दिसेना. न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झीटरचे सॅम्युअल टेनी लिहितात की डोळ्यांपासून काही इंचांवर धरलेला पांढरा कागद काळ्या मखमलीइतकाच अदृश्य होता. उशिरा चंद्र दिसला तो लालसर.

लोकांची समजूत कयामतीची झाली यात नवल नाही, कारण सूर्य अंधारेल असं बायबलमध्येच आहे. पुढे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात ही तारीख भविष्यवाणीची खूण म्हणून मानली गेली. कनेक्टिकटच्या विधिमंडळातला अब्राहम डेव्हनपोर्टचा किस्सा प्रसिद्ध आहे, सभा तहकूब करा असा प्रस्ताव आल्यावर तो म्हणाला की न्यायाचा दिवस, म्हणजे कयामत, एकतर आलाय किंवा नाही आला, नसेल तर तहकुबीचं कारण नाही, असेल तर मी काम करताना सापडलो तर बरं, मेणबत्त्या आणा. शब्द प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे मिळतात, त्यामुळे अवतरणचिन्हं टाळलेली बरी.

अशाच दुसऱ्या घटनांत ६ सप्टेंबर १८८१ चा न्यू इंग्लंडमधला 'पिवळा दिवस' येतो, तो मिशिगनमधल्या वणव्याचा. इसवी सन ५३६ मधला मंद सूर्य, ज्याबद्दल बायझंटाईन इतिहासकार प्रोकोपियसने लिहिलंय, तो इथे गोवू नये, ती गोष्ट ज्वालामुखीच्या धुळीची मानतात आणि ती महिनोन्‌महिने चालली. सगळ्यात मिळतंजुळतं उदाहरण सप्टेंबर १९५० चं, कॅनडातल्या चिंचागा वणव्याचा धूर २४ तारखेला ओंटारिओ आणि अमेरिकेच्या पूर्व भागावर आला, दुपारीच अंधारून आलं, आणि दोनच दिवसांनी तोच धूर अटलांटिक ओलांडून गेल्यावर स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला.