सरासरी वय आणि सरासरी आयुर्मान: जपानी माणूस 49व्या वर्षी जात नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला. भारताचं सरासरी वय 28, जपानचं 49. मामांचा लगेच प्रश्न: "म्हणजे जपानी माणूस 49व्या वर्षीच जातो? मग त्या ग्रीन टीचा उपयोग काय?" मामांना हसणं सोपं आहे, पण हाच घोळ चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही सापडतो.

सरासरी वय हे आज हयात असलेल्यांचं. सगळ्या देशाला वयाप्रमाणे एका रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या माणसाचं जे वय, ते. (दहावीच्या गणितातला मध्यक तो हाच. त्याला सरासरी म्हणणं खरं तर चूक, पण वर्तमानपत्रांनी रूढ केलंय.) भारतात हा मधला माणूस 28-29 वर्षांचा, चीनमध्ये चाळिशीचा, जपानमध्ये 49चा. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा, म्हणजे मिसरूडही न फुटलेला पोरगा.

आयुर्मान हा मरणांचा हिशोब. यंदा कुठल्या वयाची किती माणसं दगावली ते दर घ्यायचे, आणि कल्पनेतली एक लाख तान्ही बाळं त्याच दरांतून जन्मभर न्यायची. ती सरासरी जितकी वर्षं जगतील, ते आयुर्मान. जपानचं 84च्या आसपास, आपलं सत्तरीच्या. हे भविष्य नव्हे, बरं का. आजच्या बाळाच्या म्हातारपणी औषधं कुठे पोचलेली असतील, हे त्यात धरलेलंच नसतं.

"पूर्वी लोक तिशीतच मरायचे" हा समजही इथूनच येतो. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं आयुर्मान 32च्या आसपास होतं, हे खरं. पण समजा, दहा भावंडांपैकी चार पाळण्यातच गेली आणि उरलेली सहा साठ वर्षं जगली. सरासरी येते 36. छत्तिशीत गेलेलं मात्र त्यात एकही नाही! 1911 ते 1921 या दशकात प्लेग होता, 1918ची इन्फ्लुएंझाची साथ होती, देशाची लोकसंख्यासुद्धा घटली. त्या दशकाचं आयुर्मान विशीच्या आसपास धरलं जातं. त्याच दशकात, 1916 साली, धोंडो केशव कर्वे वयाच्या 58व्या वर्षी महिला विद्यापीठ काढत होते. 1858चा जन्म, 1962 साली मृत्यू, 104 वर्षं.

आता गंमत अशी, की या दोन आकड्यांची दिशाही एक असेलच असं नाही. आयुर्मान वाढलं की देश म्हातारा होणार, असं आपण धरून चालतो. भारतात 1950 नंतरची वीसेक वर्षं उलटंच झालं. आयुर्मान 32वरून पन्नाशीजवळ गेलं आणि सरासरी वय थोडं खाली आलं. कारण त्या काळात मरण टळलं ते मुख्यतः लहान मुलांचं. देवी, मलेरिया मागे हटत गेले, पाळण्यातली पोरं वाचली, आणि घरोघरी मुलं होत तेवढीच राहिली. रांगेच्या धाकट्या टोकाला गर्दी वाढली, मधला माणूस त्या बाजूला सरकला. देश म्हातारा होतो तो मुलं कमी व्हायला लागली की. चीन आणि अमेरिका घ्या: दोघांचंही आयुर्मान 78-79च्या घरात, सरासरी वयही चाळिशीच्या आसपास. पण अमेरिका तिथवर सावकाश आली. 1970च्या सुमारास चीन विशीच्या आतबाहेर होता. पुढे जन्म झपाट्याने घटले आणि एका माणसाच्या हयातीत तो म्हातारपणाच्या वाटेला लागला. आयुर्मानाचे नुसते आकडे बघणाऱ्याला यातलं काही कळणार नाही.

सरासरी वयाला आणखी एक गोष्ट हलवते, स्थलांतर. दुबई-अबुधाबीकडे कामाला गेलेल्या पुरुषांमुळे अमिरातीत पंचविशी ते चाळिशीचे पुरुष खच्चून भरलेत. उलट आपलं रत्नागिरी. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 2001पेक्षा कमी भरली आणि हजार पुरुषांमागे 1122 बायका निघाल्या. कमावते मुंबईला, आखातात. घरी आजी, सून, शाळेतली पोरं. नोकरीची एक पिढी पोराबाळांसकट एसटीत बसली की मागे राहिलेल्या वाडीचं सरासरी वय वर चढतं. त्यासाठी तिथल्या कुणाला एक दिवसही जास्त जगावं लागत नाही. गणपतीत चाकरमानी पोराबाळांसकट उतरले, की पाच-सात दिवस तेच वय खाली येतं. विसर्जन झालं, परतीच्या गाड्या भरल्या, की पुन्हा चढतं.